एका डोळ्यात काजळ

"हलू नको वं कामिनी, काजळ फिसकटते," जयवंता म्हणाली आणि धाकट्या जावेची हनुवटी तिने जरा जास्तच जोरात धरली.

मे महिन्यातली दुपार. नंदनवन वस्तीतल्या त्या घराच्या अंगणात पिवळ्या कापडाचा मांडव होता आणि दोन कूलर सगळ्यांच्या अंगावर गरम वारा फेकत होते. कामिनीला सातवा महिना. हिरवी साडी, मोगऱ्याचे दागिने, फुलांनी मढवलेला झोपाळा. काजळ घालायचा मान थोरल्या जावेचा. जयवंताच्या वेळेस, दोन्ही वेळेस, या घराला डोहाळजेवण म्हणे लाभत नव्हतं. आता बरं लाभायला लागलं.

"कशी सोन्यासारखी पिवळी दिसून राहिली ना!" शेजारच्या कुसुमताई म्हणाल्या. "पहिलटकरणीचं तेजच असते बाप्पा."

"मग! चालू नळाचं थंडगार पाणी पाजते मी तिले," सासूने, पार्वतीबाईंनी, आवाज चढवून सांगितलं. "उकळलेल्या पाण्यानं पोटातल्या जिवाले उष्णता होते. काही लोकाइले समजत नाही."

काही लोकाइले म्हणजे जयवंताला. उन्हाळ्यात नळाची धार करंगळीएवढी झाली, तेव्हा धाकट्या दिराने, अंकितने, थेट नळालाच पंप जोडला. पंप पाणी ओढायचा आणि पाण्यासोबत गटाराचा वासही. वस्तीत आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताई घरोघरी सांगून गेल्या, पाणी खळखळा उकळा, गल्लीत कावीळ निघाली आहे. जयवंता तेव्हापासून आपल्या दोन पोरींचं पाणी उकळून ठेवायची. कामिनीच्या माठात मात्र सासूने स्वतः वाळ्याची जुडी टाकली होती. "काकूच्या माठातलं काहून नाही पिऊ देत?" पोरी विचारायच्या. "तिचं तिलेच लखलाभ," जयवंता म्हणायची. त्यात काळजी किती आणि जळणं किती, तिचं तिलाही ठाऊक नव्हतं.

तेज म्हणे. जयवंता आणखी वाकली. पावडर थापली असेल, नाहीतर बेसन-हळद चोळली असेल. एका डोळ्यात काजळ घालून झालं होतं. दुसऱ्या डोळ्याची खालची पापणी तिने बोटाने ओढली.

पांढरं असायला हवं होतं, ते पांढरं नव्हतं. हळदीचा हात धुतलेल्या पाण्यासारखं होतं.

खोटं कशाला बोला, पहिल्यांदा तिला बरं वाटलं. तेज नव्हतंच तर! मग तिचं काजळाचं बोट तिथंच थांबलं.

"जेवण जाते का वं तुले?" तिने हळूच विचारलं.

"वासानंच ओकारी येते, ताई. आई म्हणते, डोहाळे आहेत."

"अन् लघवी?"

कामिनी लाजली. "कोऱ्या चहासारखी. आई म्हणते, उन्हाळी लागली. सब्जा पाजून राहिली."

डोहाळे, उन्हाळी, तेज. सगळ्याला आधीच नावं देऊन झाली होती. आशाताईंचं एक वाक्य मात्र जयवंताच्या कानात उरलं होतं: दोन जिवाची बाई असली अन् डोळे पिवळे झाले, तर घरी घडीभर थांबू नका, दोन्ही जिवांवर बेतते.

"आई, हिले कावीळ आहे. दवाखान्यात न्या."

ओटीचा नारळ हातात घेऊन सासू झोपाळ्यापाशी आली.

"आज?" पार्वतीबाई म्हणाल्या. "ओटी भरायच्या आधी? तुले पाहवत नाही ना हिचं कवतिक?"

"जळते वं," मागून कोणीतरी म्हणालं. कोणीतरी हसलं.

जयवंताचे कान तापले. खोटं नव्हतंच ते. आपली नजर चुकली असेल तर जन्मभर हे ऐकावं लागणार. गप्प बसलं तर कोणी विचारणारही नाही. तिने वर पाहिलं. पिवळ्या कापडातून ऊन गाळून येत होतं. कुसुमताई पिवळ्या, सासू पिवळी, तिचे स्वतःचे हातही पिवळे.

तिने कामिनीचा दंड धरला, झोपाळ्यावरून उठवलं आणि मांडवाबाहेर, भर उन्हात नेऊन उभं केलं.

"या, आई. आता पाहा."

पार्वतीबाई तणतणत आल्या. त्यांनी सुनेचा चेहरा दोन्ही हातांत घेतला, मग थोरलीचा डोळा पाहिला, मग पुन्हा धाकटीचा. त्यांच्या हातातला ओटीचा नारळ मघाच खाली पडला होता.

"माळ घालणाऱ्याकडे नेऊ," त्या पुटपुटल्या. "तो उतरवते कावीळ."

"माळबिळ काही नाही. अंकित, मोठ्या दवाखान्यासाठी ऑटो आण. अन् तो पंप काढून फेक पहिले."

ऑटोत मोगऱ्याचा वास कोंडला होता. कामिनी दोघींच्या मध्ये, मान टाकून बसलेली. पार्वतीबाई बाहेर बघत होत्या.

"रोज माह्या डोळ्यासमोर होती ती," त्या म्हणाल्या. "मले नाही दिसलं. तुले कसं दिसलं वं?"

"तुमची नजर कवतिकाची होती, आई," जयवंता म्हणाली. "माही नव्हती."

तिने पिशवीतून पोरींची पाण्याची बाटली काढली आणि कामिनीच्या तोंडाला लावली. कामिनीने एक घोट घेऊन नाक मुरडलं. "कोमट आहे, ताई."

"पी," जयवंता म्हणाली, आणि पदराच्या टोकाने तिच्या त्या एका डोळ्यातलं काजळ पुसू लागली.