बनवणाऱ्याने बोलायचं नसतं

दार समोरच होतं. निळं, अर्धवट उघडं, फटीतून उजेड येणारं. पडद्यावरच्या खोलीत शिरल्याबरोबर ते तिला दिसलं, आणि दिसल्याबरोबर तिने कंट्रोलरवरचा अंगठा उलट्या बाजूला वळवला. गेममधला कोटवाला म्हातारा भिंतीवर जाऊन आपटला.

“इथून कुठे जायचं तेच कळत नाहीये,” ती म्हणाली.

शेजारी बसलेल्या प्रकाशकबाईंनी लिहून घेतलं. मागच्या खुर्चीत सर होते. गेम त्यांचा, कंपनी त्यांची, आणि जीव टांगणीला लागलेला तोही त्यांचाच. बाईंची अट एकच होती: खडूसताईंनी आपल्यासमोर खेळून बघितल्याशिवाय गेम बाजारात आणायच्या करारावर सही होणार नाही.

खडूसताई हे नाव वाचकांनी ठेवलेलं. तिच्या ब्लॉगवर ती गेम सोलून बघायची. मित्राच्या गेमचे वाभाडे काढायची आणि न आवडलेल्या गेममधलं काही चांगलं सापडलं तर तेही नीट सांगायची. कुणाचं उगाच कौतुक नाही, कुणाला उगाच नावं नाहीत. ब्लॉगची सगळी पत ती तेवढीच. खडूसताई म्हणजे कोण, हे सरांना ठाऊक नव्हतं. त्यांनी ब्लॉगच्या पत्त्यावर अदबीने निमंत्रण धाडलं आणि आज ऑफिसचं दार उघडलं तर ही उभी. त्यांचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, फक्त त्यात जीव उरला नाही. “या,” ते म्हणाले. पूर्वी, ती इथेच कामाला असताना, अगंतुगं करायचे.

या धंद्याचा एक शिरस्ता आहे. कुणी गेम खेळून बघत असेल तेव्हा बनवणाऱ्याने चकार शब्द काढायचा नाही. खुणावायचं नाही, खाकरायचंसुद्धा नाही. खेळणारा अडकला तर चूक गेमची. तिला हे सरांनीच शिकवलं होतं, आणि शिकवलं तेही असं की जन्मात विसरू नये. तिचा पहिलावहिला गेम सगळ्या ऑफिससमोर खेळून बघितला गेला तेव्हा कंट्रोलर सरांच्या हातात होता. नदीच्या काठाशी ते गोल गोल फिरत राहिले, पूल काही दिसत नाही बुवा म्हणत राहिले, आणि लोक हसत राहिले. आदल्याच संध्याकाळी तिच्या टेबलाशी बसून त्यांनी तोच पूल शीळ घालत ओलांडला होता. हे दोघांनाच माहीत. ती मूग गिळून बसली. तिचा गेम गुंडाळला गेला, त्यावरची माणसं सरांच्या गेमवर गेली, आणि ती घरी.

आता मूग गिळायची पाळी त्यांची होती. तिने म्हाताऱ्याला पुन्हा भिंतीवर नेऊन आपटलं. अगदी सावकाश, चवीने.

तेवढ्यात पडद्यावर एक बकरी आली. म्हाताऱ्याच्या कोटाचं टोक तिने दातांत धरलं आणि ती त्याला दाराकडे ओढायला लागली. थोडं ओढायची, मान वळवून बघायची, थांबायची.

तिचा अंगठा जागच्या जागी राहिला. खूप वर्षांपूर्वी तिने ब्लॉगवर लिहिलं होतं की अडकलेल्याला पाट्या आणि बाण दाखवून लाजवू नका, त्याला हाताला धरून नेईल असं कुणीतरी पाठवा. कुणीही केलं नव्हतं. इथे केलं होतं, आणि इतकं लोभस केलं होतं की तिला हसूच आलं असतं. आपल्याला हे आवडलंय, याचाच तिला जास्त संताप आला. तिने म्हाताऱ्याला झटक्यात मागे वळवलं. बकरी कोलमडली, उठली, आणि तिने पुन्हा कोट धरला.

“ही बकरी सारखी मध्ये मध्ये का करतेय?” ती म्हणाली. बाईंचं पेन पुन्हा चाललं.

मागची खुर्ची करकरली. “बकरी नव्हे, हीच मुद्दाम करतेय,” सर म्हणाले.

“बनवणाऱ्याने बोलायचं नसतं, सर.”

प्रकाशकबाईंनी चष्मा वर करून आधी हिच्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. मुद्दाम करतायत हे कशावरून म्हणता, असं त्यांनी सरळच विचारलं.

सरांनी खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाले, “कारण मलाही त्या दिवशी पूल दिसला होता.”

“कुठला पूल?” बाईंनी विचारलं.

सरांच्या तोंडून ते पुलाचं वाक्य ऐकायला तिने इतकी वर्षं काढली होती. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना त्यावरची जिव्हारी लागणारी उत्तरं घोकली होती. आता तरी मन निवेल म्हणून ती थांबली. ते निवलं नाही. आतली आग होती तशीच होती, उलट तिला आणखी हवं होतं.

सरांनी मान वर केली. डोळ्यांत विनवणी होती, ती लपवायचीही त्यांनी तसदी घेतली नाही. तिने एकदा अंगठा पुढे ढकलला असता तर काम झालं असतं.

“तुम्हीच सांगा, ताई,” प्रकाशकबाई म्हणाल्या. “दार दिसलं तुम्हाला?”

तिने कंट्रोलर टेबलावर ठेवला.

“नाही.”

बाईंनी उलटून विचारलं नाही. पडद्याकडे एकवार बघितलं, करार बाजूला सारला आणि पेनाला टोपण लावलं.

“मला आपलं दिसत होतं,” त्या म्हणाल्या. “पण तुम्ही म्हणताय म्हणजे नसेलच.”