वाळूत थांबायचं नसतं

"थांबव!" म्हातारीने केबिनच्या मागच्या पत्र्यावर मूठ आपटली. "अरे, थांबव म्हणते ना!"

"इथं नको, आई!" मुलगा समोरून नजर न हटवता ओरडला. "मऊ वाळू आहे. पुढं खडक लागतो, दहा मिनिटं कळ काढ."

"इथं बाप ओकतोय, घुसमटेल तो. आणि तू मला घड्याळ दाखवतोस?"

मुलाने ट्रक थांबवला.

मागे हौद्यात गादीवर तिचा नवरा पडला होता. सकाळी बूट घालता घालता त्याची डावी बाजू लुळी पडली, वाचाही गेली. दवाखाना वाळूपलीकडे. म्हातारीने त्याला कुशीवर वळवलं, तोंड पुसलं, उशी नीट केली. मग हुकूम सोडला, "हं, चल आता."

इंजिन ओरडलं. ट्रक जागचा हलला नाही. चारही चाकांना इंजिनचा जोर होता, पण चाकं नुसती फिरली. चाकं नुसती फिरत असताना ॲक्सिलरेटर दाबायचा नाही, हे मुलाला बापानेच शिकवलं होतं. तरी त्याने दाबला. हौदा एकीकडे कलला आणि ट्रक ॲक्सलपर्यंत खाली बसला.

म्हातारा पस्तीस वर्षं ह्याच वाळूतून पाण्याचा टँकर न्यायचा. एकदा बायकोला शेजारी बसवून निघाला होता. हा मुलगा तेव्हा तिच्या पोटात होता. तिला ओकारी आली, तर म्हणाला, "खिडकीतून ओक. इथं गाडी थांबली की बसली." ती गोष्ट म्हातारीने आल्यागेल्या प्रत्येकाला ऐकवली होती. कसला दगड पदरात पडलाय बघा, म्हणायची. तो ऐकून घ्यायचा आणि टायर तपासायला उठून जायचा.

मुलगा खाली उतरला. चाकांतली हवा वाळूसाठी घरून निघतानाच निम्मी केली होती, आणखी थोडी सोडली. फावड्याने चाकांपुढची वाळू ओढली. मग चाकांखाली घालायचे लोखंडी पत्रे काढायला हौद्याच्या कडेला हात घातला. हात तसाच राहिला.

पत्रे अंगणात होते. सकाळी म्हातारीच ओरडली होती, "हे भंगार उतरव आधी! माणसाला निजायला जागा नको?"

मुलाने तिच्याकडे पाहिलं. बोलला असता तर बरं झालं असतं, तिला उलट उत्तर तरी देता आलं असतं. मोबाइल उंच धरून तो केबिनच्या टपावर चढला आणि तसाच उतरला.

"मी चालत जातो खडकापर्यंत. कोणी भेटलं तर बघतो."

"किती वेळ लागेल?"

"तू त्यांच्याजवळ बस, आई."

ती बसली नाही. मुलगा पुढे लहान लहान होत गेला, तशी ती खाली उतरली आणि दोन्ही हातांनी चाकाखालची वाळू उपसू लागली. ओंजळभर काढावी, तर वरून दोन ओंजळी घसरत होत्या. पंचक्रोशीत तिच्या तोंडाला तोंड द्यायची कोणाची छाती नव्हती. ह्या वाळूला तिने चार शिव्या घातल्या. वाळू घसरत राहिली.

वर कसलासा बारीक आवाज होत होता. एका लयीत, थांबत नव्हता.

ती धापा टाकत हौद्यात चढली. म्हाताऱ्याचे डोळे उघडे होते, आभाळाकडे. बूट एकाच पायात होता, उजव्या. तो पाय समोरच्या फळीवर अलगद दाबत होता, सुटत होता, पुन्हा दाबत होता. कमी नाही, जास्त नाही. मऊ वाळूत ॲक्सिलरेटर लागतो तेवढाच.

ती त्याच्या उशाशी बसली. वाळूने भरलेले हात कुठे ठेवावेत, तिला कळेना.

"अहो," ती म्हणाली, "थांबू नका. मी ओकले तरी थांबू नका."