काही शंका?

"जरा मागे घ्याल का, ताई? चौथ्या मिनिटाला," टाचणी म्हणाली.

तिचं हे नाव गटानेच पाडलं होतं. वयाने सगळ्यांत लहान, पण कुठे टोचेल याचा नेम नाही. बाईंनी हसत रेकॉर्डिंग मागे घेतलं.

दूरशिक्षणाच्या मार्गदर्शकांचा हा शनिवार दुपारचा ऑनलाइन वर्ग होता. नऊ जण, नऊ घरं. इथे वर कुणी साहेब नाही आणि हजेरीही नाही. दर पंधरा दिवसांनी एकाने आपलं काम पुढे ठेवायचं, बाकीच्यांनी त्यावर बोलायचं. आज बाईंची पाळी होती. त्यांनी वर्षभरापूर्वीचा एक फोन निवडला होता. विद्यार्थिनी इस्पितळाच्या वॉर्डात काम करणारी, शेवटच्या वर्षाची, टक्केवारीत अडलेली. मार्गदर्शनाचे फोन रेकॉर्ड होतात हे विद्यार्थ्यांना ठाऊक असतं. बाईंनी त्यातलं नाव तेवढं काढून टाकलं होतं. वॉर्डातल्या सलाईनच्या बाटलीचं उदाहरण घेऊन बाईंनी नऊ मिनिटांत तिला टक्केवारी शिकवली होती. बाटलीतलं किती संपलं, किती उरलं. बावीस वर्षांत इतकं चोख दुसऱ्यांदा जमलं नव्हतं. बाई सकाळपासून खुशीत होत्या, कॅमेऱ्यासाठी कानातलीसुद्धा बदलली होती.

एकदा ऐकून झाल्यावर सगळ्यांनी वाहवा केली होती. बाटलीचं उदाहरण तर दोघांनी लिहूनही घेतलं होतं. आता चौथं मिनिट पुन्हा वाजू लागलं.

"मॅडम, मला एक विचारायचं होतं..."

"हो हो, त्याच्यावरच येतेय मी."

"पुढे पाचव्याला," टाचणी म्हणाली.

"मॅडम, मी काय म्हणत होते..."

"आधी बाटली. बाटली डोळ्यांपुढे आणा बघू."

"आणि सातव्याला, ताई."

"मॅडम, जर मध्ये कुणी..."

"मध्ये काही नाही! सरळ शंभराने गुणायचं."

स्वयंपाकघरात बाईंचा नवरा खुदकन हसला. त्याचा या बाबतीतला अनुभव तीस वर्षांचा होता. बाईंना मात्र हसू आलं नाही. रेकॉर्डिंग आपलं चालूच होतं. "समजलं ना? काही शंका?" बाईंचा आवाज विचारत होता. त्यानंतर बराच वेळ नुसती खरखर. मग, "नाही मॅडम."

पहिल्यांदा ऐकताना ही खरखर बाईंना ऐकूच आली नव्हती.

"पुढे काय झालं त्यांचं?" टाचणीने हळूच विचारलं. टोचण्याचा तिचा हेतू नव्हता.

"सोडलं तिने. त्यानंतर एकही स्वाध्याय आला नाही." तिच्या नावापुढे आपण 'टाळाटाळ' असा शेरा मारला होता, हे बाईंनी सांगितलं नाही. "दोन मिनिटं येते," म्हणून त्यांनी कॅमेरा बंद केला, जुन्या यादीतून नंबर काढला आणि गॅलरीत जाऊन फोन लावला.

"मॅडम, तुम्ही? माझं काही राहिलंय का?"

"नाही. त्या दिवशी फोनवर तुम्हाला काहीतरी विचारायचं होतं. मी विचारूच दिलं नाही."

पलीकडे एक ट्रॉली खडखडत गेली.

"ते होय! अहो, सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या ना तेव्हा. घरात दुसरं बघणारं कुणी नाही. मध्ये कुणी वर्षभर थांबलं तर नाव राहतं का, एवढंच विचारायचं होतं."

"राहतं," बाई म्हणाल्या. "एका पानाचा अर्ज असतो. खाली माझी सही."

"असं होय. आणि आता?"

अर्जाची मुदत संपून पाच महिने झाले होते. आता परत यायचं तर पहिल्या वर्षापासून. बाईंनी ते तसंच सांगितलं. बावीस वर्षं लोकांना समजावून सांगण्यात गेली होती, पण हे गोड करून सांगायला शब्द सापडेनात.

"मग राहू द्या, मॅडम. पहिल्यापासून नाही व्हायचं आता माझ्याच्याने."

"मी तेव्हा ऐकून घ्यायला हवं होतं हो."

"तुम्ही नका मनाला लावून घेऊ. शिकवलंत ते चांगलंच शिकवलंत की," ती बाईंचीच समजूत काढू लागली. "शेवटी शेवटी सासूबाईंना सलाईन लावलेलं असायचं. त्यांच्या उशाशी बसून मी तेच करायचे. एवढं संपलं म्हणजे साठ टक्के. एवढं म्हणजे सत्तर..."

बाई या वेळी मध्ये बोलल्या नाहीत.

"शंभर होईपर्यंत मोजायचे, मॅडम. एकदाही चुकलं नाही."