पेकनखालची जागा

आमच्या जॉर्जियातल्या गावात चर्चमागे दफनभूमी आहे आणि तिच्या मधोमध पेकनची दोन जुनी झाडं. अक्रोडासारखी ती फळं खाली पडली की वेचेल त्याची, असा रिवाज. पेकन एक वर्ष भरभरून येतं, दुसऱ्या वर्षी विसावा घेतं. मागचं वर्ष विसाव्याचं होतं, त्यामुळे भाव कडाडला आणि गावाला एकदम आपापली मेलेली माणसं आठवली. जी थोडीफार फळं पडली ती वेचायला माझा चुलतभाऊ डेल्मर बादल्या घेऊन आला आणि वेचता वेचता झाडाखालच्या थडग्यांवरचं शेवाळसुद्धा खरवडून गेला.

यंदा झाडं नुसती लगडलीत. भाव पार पडलाय. फळं गवतात कुजतायत आणि तिकडे चिटपाखरू फिरकलेलं नाही.

रविवारी प्रार्थनेनंतर दफनभूमीत पास्टर आईला म्हणाले, "वर्नेलबाई, होमरशेजारची तुमची जागा राखून ठेवलीय बरं का."

होमर म्हणजे माझे बाबा. त्यांचं थडगं पार कुंपणाच्या कडेला, उघड्यावर आहे.

"ती द्या दुसऱ्या कुणाला," आई म्हणाली. "मला त्या झाडाखाली द्या."

"अगं आई, बाबांना तिथं एकटं ठेवणार?" मी म्हणालो.

तिने बुटाच्या टोकाने एक फळ बाजूला सारलं.



"त्यांच्याकडे तू तरी कधी जातोस? मी झाडाखाली असले, तर भाव चढेल त्या वर्षी तरी कुणी येईल."