उशाशी खुर्ची
वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापकांनी सिस्टरांसमोर आलेख सरकवला. "हा एकेक ठिपका म्हणजे एकेक म्हातारं माणूस. ही त्यांच्यामधून काढलेली रेघ. तुमची खुर्ची ज्यांच्या उशाशी जास्त वेळ, ते तितके लवकर गेले. हातच्या काकणाला आरसा कशाला?" "साहेब, कावळा बसला म्हणून फांदी मोडत नाही," सिस्टर म्हणाल्या. "जाणारं माणूस मला आधी ओळखू येतं, म्हणून मी तिथे बसते." साहेबांनी मान उडवली आणि उद्यापासून बसणं बंद, असं बजावलं. मग ते रोजच्यासारखे सात नंबरच्या खोलीत आईला भेटायला गेले. उशाशी सिस्टरांची खुर्ची होती. "आज माझी भारीच बडदास्त आहे रे," आई हसून म्हणाली. "सिस्टर सकाळपासून इथेच बसून होत्या." साहेबांनी खुर्ची उचलायला हात घातला, मग तिच्यातच बसून हळूच बहिणीला फोन लावला. "ताई, आजच निघ."