चार वाजताचं पत्र

स्वयंपाकघरात सासूबाईंच्या हातातून स्टीलचं झाकण निसटलं, फरशीवर गरगरत राहिलं आणि एकदाचं थांबलं. सिनीने मान वर केली नाही. समोरच्या काळ्या पडद्यावर तीच ओळ सहाव्यांदा येऊन थिजली होती. डिस्क सापडत नाही.

दोन वाजून गेले होते. चारच्या आत हे सुरू व्हायलाच हवं होतं.

आज लेकीचा, अन्नाचा आठवा वाढदिवस. नाताळ, ओणम, शाळेचा पहिला दिवस आणि वाढदिवस, या चार दिवशी दुपारी चारला वडिलांचं, बिनोयचं पत्र तिच्या टॅबवर यायचं. आजवर एकदाही चुकलं नव्हतं. माझा अप्पा जहाजावर इंजिनियर आहे, तिथे फोन लागत नाही, पण पत्र पोचतं, असं अन्ना चंगनाश्शेरीच्या नव्या शाळेत सगळ्यांना सांगायची.

आपलं टपाल परक्याच्या पेटीत ठेवणं बिनोयला कधी पटलं नाही. घरातल्या टपालासाठी त्याने स्वतः एक सर्व्हर जुळवला होता. तो दहा वर्षं कपाटामागे घुमत राहिला आणि या ईस्टरपासून घरघरू लागला.

बिनोयने सिनीसाठी घरातलं सगळं एका वहीत लिहून ठेवलं होतं, त्यात त्याचंही पान होतं. ‘हे यंत्र कधीतरी जाणारच. घाबरू नकोस, जोबीला फोन कर.’

जोबी म्हणजे बिनोयचा कोचीतला जुना सहकारी, सिनीला चेची, म्हणजे ताई म्हणणारा. त्याने फोनवरून सांगितलं तसं सिनीने जुन्या डिस्कवरचं सगळं जसंच्या तसं नव्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं. आता त्या कॉम्प्युटरच्या पोटातच जुनं यंत्र आभासी होऊन चालणार होतं. उतरवायला दोन दिवस लागले. काम संपलं आणि जुना सर्व्हर जो बंद पडला तो पुन्हा उठलाच नाही. राहिली ती ही प्रत, आणि ती काही जागी होईना.

“चेची, झोपेत माणसाला उचलून दुसऱ्या घरात नेऊन ठेवलं तर काय होईल?” जोबी म्हणाला. “उठल्याबरोबर जुन्या दाराकडे जाणार आणि भिंतीवर आपटणार. त्याचं तसंच झालंय. त्याला नव्या घराची वाट शिकवायची, बस.”

अम्मची दारात येऊन उभ्या राहिल्या. पालप्पमचं पीठ फुगून पातेल्याबाहेर आलंय, स्ट्यू निवतोय, पोरगी सकाळपासून टॅब कुशीत घेऊन बसलीय, असं सगळं सुनेला ऐकवून झाल्यावर त्या हळूच म्हणाल्या, दोन ओळी तूच खरड ना. आठ वर्षांच्या पोरीला काय कळतंय?

“तिला कळतं, अम्मची.”

बिनोय प्रत्येक पत्रात एक शब्द मुद्दाम चुकवायचा. अन्ना तो हुडकून काढायची आणि दिवसभर खिदळायची. ती चूक सिनीला कुठून जमणार?

तिने दुरुस्तीची डिस्क लावून यंत्र सुरू केलं आणि झोपलेल्या प्रतीच्या आत शिरली. डिस्कचं जुनं नाव दोन ठिकाणी बदलायचं होतं. नवी डिस्क ओळखता यावी म्हणून सुरुवातीच्या फाइली नव्याने बांधायच्या होत्या. जोबी एकेक अक्षर सांगत होता, ती एकेक अक्षर टाइप करत होती. मध्येच ‘अन्ना’ नावाचा फोल्डर दिसला. त्याला कुलूप होतं. त्यात डोकावायचं नाही, असं तिने बिनोयला कबूल केलं होतं. ती पुढे गेली.

साडेतीनला पुन्हा सुरू केलं. पुन्हा तीच ओळ.

तिचे डोळे भरून आले. जोबीने तिच्याकडून सगळ्या पायऱ्या पहिल्यापासून पुन्हा वदवून घेतल्या. मग म्हणाला, दुसऱ्या ठिकाणचं नाव बघा बरं. खरंच, तिथे जुनंच नाव राहून गेलं होतं.

पावणेचारला पडद्यावर ओळी धावू लागल्या. एक, दहा, शंभर. त्या थांबल्या नाहीत. शेवटी यंत्राने तिच्याकडे तारीख मागितली.

“घड्याळ कोरं असेल,” जोबी म्हणाला. “घाला हाताने. बिनोयने तुम्हाला बघितलं असतं ना, चेची, तर माझी नोकरी तुम्हाला देऊन टाकली असती.”

लॅबमध्ये रक्ताच्या बाटल्यांवर ती रोज शंभरदा घालायची तशीच तिने तारीख घातली. ३१-०५-२६. यंत्राने मुकाट घेतली.

बाहेरच्या खोलीत टॅब वाजला. अन्नाची टाळी ऐकू आली. सिनीने डोळे मिटून खुर्चीला पाठ टेकली.

टॅब पुन्हा वाजला. मग पुन्हा. मग तो वाजतच राहिला.

तिने डोळे उघडले. पडद्याच्या कोपऱ्यात तारीख होती, २६ मे २०३१. यंत्राने वर्ष आधी वाचलं होतं, एकतीस हेच साल धरलं होतं.

तिने भिंतीतली वायर उपसली आणि बाहेर धावली. टॅबवर सतरा पत्रं होती, आजपासून पुढच्या चार वर्षांची सगळी. शेवटचं सगळ्यात वर. अन्नाने तेच उघडलं होतं आणि ओळीखाली बोट धरून ती मोठ्याने वाचत होती.

“अन्नामोळे, माझ्या लेकी, आज तू बारा वर्षांची झालीस. आता अम्मा तुला खरं सांगेल, असं आमचं ठरलं होतं. मी कुठल्याच जहाजावर नव्हतो. ही सगळी पत्रं तू चार वर्षांची असताना हॉस्पिटलच्या खाटेवर बसून लिहिली. अम्मावर रागावू नकोस. खोटं बोलायला मीच लावलं तिला.”

स्वयंपाकघरात अम्मचींचा हात थांबला. अन्नाने ते पत्र पुन्हा एकदा मनातल्या मनात वाचलं. चुकलेला शब्द तिला सापडला नसावा. तिने वर पाहिलं.

“अम्मा, खरं ऐकायला मी बारा वर्षांची होईपर्यंत थांबायचं का?”