आवाज कोणाचा

“हा आवाज तुझा नाही.” प्रेमलता मॅडमनी मोबाइल टेबलावर आपटला. “कोणाकडून बोलून घेतलंस?”

रोशनी उभी होती. बी.एड.चा सगळा वर्ग तिच्याकडे बघत होता.

“माझाच आहे, मॅडम. मीच बोलली ते.”

इंग्रजी बोलणं सुधारावं म्हणून कॉलेजने यंदा सगळ्या भावी शिक्षकांना एक ॲप घ्यायला लावलं होतं. रोज दहा मिनिटं त्याच्याशी इंग्रजीत बोलायचं. ॲप चुका दाखवायचं, गुण द्यायचं आणि रेकॉर्डिंग मॅडमकडे पाठवायचं. मागच्या महिन्यात दोघांनी आपल्याऐवजी भावाबहिणींना बोलायला लावल्याचं उघडकीस आलं. तेव्हापासून मॅडम प्रत्येक रेकॉर्डिंग कान देऊन ऐकायच्या. आणि पहिला दिवस सोडला तर सहा महिन्यांत वर्गात इंग्रजीचा एक शब्द न बोललेल्या रोशनीला ॲपने शंभरपैकी ब्याण्णव दिले होते.

मॅडमनी रेकॉर्डिंग लावलं. मागावर धागा तुटला की तो कसा शोधायचा, गाठ कशी मारायची, हे एक मुलगी इंग्रजीत सांगत होती. कुठे अडखळत नव्हती. मध्येच स्वतःशी हसली आणि पुन्हा बोलू लागली.

रोशनीचे वडील भैय्याजी कामठीत पॉवरलूमवर कामाला होते. घर मागांच्या शेडला लागूनच. माग सुरू असले की स्वतःचं बोलणंही ऐकू यायचं नाही. वीज गेली की माग थांबायचे. मग रोशनी मोबाइल घेऊन शेडच्या मागे जायची. वीज जायची वाट बघणारी अख्ख्या कामठीत ती एकटीच असेल.

“तुझा आहे ना? मग बोल इथे. दोनच वाक्यं.”

रोशनीने तोंड उघडलं. वाक्य डोक्यात तयार होतं, पण जीभ टाळूला चिकटली. मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसलं.

शेजारच्या सोनिकाने तिची ओढणी खेचली. “काहून चूप बसली वं? सांग ना त्यायले!”

मॅडमनी वही उघडली. “शून्य गुण. प्राचार्यांना मी लेखी कळवते आहे. उद्या वडिलांना घेऊन ये. मुलगी शिक्षिका व्हायच्या आधी चोरी शिकली, हे त्यांनाही कळू दे.”

रोशनीच्या डोळ्यांसमोर बाबा आले. उद्या धुतलेला शर्ट घालून येतील. याच टेबलासमोर हात जोडून उभे राहतील. काय झालं ते न कळताच माफी मागतील.

“नो,” ती म्हणाली.

मॅडमनी मान वर केली.

पुढचं सगळं इंग्रजीतच आलं. मोठ्याने आलं. पहिल्या दिवशी तुम्ही मला उभं करून ओळख सांगायला लावलीत, ती म्हणाली. मी ‘इस्टूडंट’ म्हणाले. तास संपेपर्यंत वर्ग हसत होता. पुढे दोन महिने जिन्यात, कँटीनमध्ये, बसस्टॉपवर मला त्याच नावाने हाका मारल्या. म्हणून मी इथे बोलत नाही. फोनने माझा तो एक शब्द चाळीस वेळा चुकीचा ठरवला. चाळीस वेळा पुन्हा ऐकवला. तो एकदाही हसला नाही. चोरी तर मी केलीच नाही, आणि माझे वडील इथे येणार नाहीत.

एका वाक्यात क्रियापदाचा काळ चुकला. ती त्यासाठी थांबली नाही.

मॅडमचं पेन वहीवर तसंच टेकलेलं होतं. मग त्या ताडकन उठल्या आणि मागच्या बाकांकडे वळल्या.

“कोण कोण हसलं होतं त्या दिवशी? उभे राहा!”

कोणी उठलं नाही.

“दे लाफ्ड लेटर, मॅडम,” रोशनी म्हणाली. “यू लाफ्ड फर्स्ट.”